हरिभाऊंच्या जंगलात पाहुणे म्हणून जाऊया

भोपाळच्या सोनागिरीतल्या मराठी मंडळींनो,

थंडी जवळ आली की आपल्या घरांत ‘यंदा कान्हा की बांधवगड’ ही बोलणी सुरू होतात. कुणी केनियातल्या मसाई माराचाही हिशेब मांडतं. तिथे जरूर जा. पण त्याआधी आपल्या उंबऱ्याशी असलेल्या रातापानीला एकदा जा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

भोपाळहून नर्मदापुरमकडे निघालं की ओबेदुल्लागंजनंतर हे सागवानी जंगल सुरू होतं. 1976 पासून ते अभयारण्य होतं. डिसेंबर 2024 मध्ये ते मध्य प्रदेशातला आठवा व्याघ्र प्रकल्प झालं आणि त्याला विष्णू श्रीधर ऊर्फ हरिभाऊ वाकणकर यांचं नाव देण्याचं ठरलं. नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला कर्मभूमी मानणाऱ्या या हरिभाऊंना 1957 मध्ये आगगाडीतून जाताना याच जंगलातल्या भीमबेटकाचे खडक दिसले आणि तिथली प्राचीन शैलचित्रं जगापुढे आली. आपल्या मुलांना हे माहीत असायला हवं.

म्हणून बेत असा आखा. पहाटे सफारी, दुपारी भीमबेटका. तिथल्या एका खडकावर इतके प्राणी रंगवलेत की त्याला ‘झू रॉक’च म्हणतात. त्यात हत्ती आहेत, बारशिंगे आहेत. सकाळी पाहिलेल्या जंगलात ते आज नाहीत. चित्ताही आपल्या देशातून असाच गेला. 2022 मध्ये तो पार नामिबियाहून कुनोला आणावा लागला. काय गमावलं हे मुलांना इथे उभं राहून सांगा, ते विसरणार नाहीत.

आता तयारीचं. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभ्याचं जंगल बंद असतं. सुखाचा प्रवास हवा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. प्राणी दिसण्याची आशा जास्त हवी तर मार्च ते मे, कारण तेव्हा ते पाणवठ्यांवर येतात. कोणतं प्रवेशद्वार, कोणत्या वेळा, सुट्टी कोणत्या वारी, हे वनखात्याकडूनच विचारून घ्या. दलालाच्या शब्दावर पैसे देऊ नका. जिप्सी आणि गाइडचे दर आधी ठरवा. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. उघड्या गाडीत पहाटेचा वारा झोंबतो, तेव्हा आजी-आजोबांसाठी शाल आणि कानटोपी घ्या. कपडे मातकट रंगाचे असू द्या.

वाघ दिसेलच असं मुलांना कबूल करू नका. हे कान्हा नव्हे. इथला वाघ अजून माणसाला बिचकतो, आणि ते त्याच्या भल्याचंच आहे. गाडी जवळ घ्या म्हणून गाइडच्या मागे लागू नका. सांबर ओरडलं, लंगूर खाकरला की वाघाची चाहूल असू शकते, तेव्हा गाडी बंद करून कान द्या. जंगल ऐकायला शिकलात तर फेरी वाया गेली असं वाटणार नाही.

आणखी एक, हात जोडून. रस्त्यावरच्या माकडांना केळी, शेंगदाणे घालू नका. मारुतीरायाचं रूप म्हणून आपण श्रद्धेने देतो, पण त्या सवयीने ती गाड्यांखाली येतात. या जंगलातून महामार्ग जातो, रेल्वेही जाते. 2024 मध्ये रेल्वेच्या धडकेने वाघाचा बछडा दगावला. निदान आपल्यामुळे एकही जीव रस्त्यावर दगावू नये.

या हिवाळ्यातला एक रविवार आजच राखून ठेवा.