ढगांवरचा खर्च आणि शास्त्राची कसोटी

किनवट तालुक्यातील इस्लापूर आणि लातूर शहर ही दोन्ही ठिकाणे मराठवाड्यातलीच. इस्लापूर परिसरात पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा पावसाळ्यात दुथडी कोसळतो. आणि लातूरची तहान भागविण्यासाठी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एकाच विभागात पावसाची अशी विषमता का असावी, कोणता ढग बरसतो आणि कोणता कोरडाच निघून जातो, हे येथे केवळ पंडितांच्या सभेतले प्रश्न नाहीत. पेरणी कधी करावी आणि कर्ज कसे फेडावे, हे त्यांच्या उत्तरावर ठरते. म्हणूनच वातावरणशास्त्राच्या संशोधनासाठी जनतेचा पैसा कोणाला आणि कोणत्या कसोटीवर दिला जातो, हे विचारण्याचा अधिकार इस्लापूरच्या शेतकऱ्यालाही आहे.

पैसाच नाही, ही सबब आता पुढे करता येणार नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांकरिता २००० कोटी रुपये मंजूर केले. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. प्रश्न आहे तो पैसा वाटण्याच्या रीतीचा. ही रीत चांगली असली तर काय घडते आणि नसली तर काय घडते, याची दोन्ही उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामतीच्या परिसरात विमानातून ढगांवर मिठाची पूड फवारण्याचा प्रयोग केला. दोन क्षेत्रे निवडली, मध्ये एक पट्टा मोकळा ठेवला आणि कोणत्या दिवशी कोणत्या क्षेत्रावर फवारणी करावयाची, हे दैवगतीवर सोपविले. म्हणजे मोहाला वावच ठेवला नाही. असे अकरा पावसाळे खर्ची पडले, तेव्हा कोठे सुमारे २४ टक्के वाढीचा निष्कर्ष हाती आला. पुढे याच संस्थेने सोलापूर येथे प्रयोग केले. २०२३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते काही ठिकाणी सुमारे १८ टक्के वाढ दाखवितात आणि प्रत्येक ढग बीजारोपणास योग्य नसतो, हेही स्पष्ट करतात.

याच्या शेजारी राज्य शासनाचे कृत्रिम पावसाचे उपक्रम ठेवून पाहावेत. ते २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये झाले. २०१९ साठी मंत्रिमंडळाने ३० कोटी रुपये मंजूर केले होते. हा पैसा संशोधन म्हणून नव्हे, तर दुष्काळनिवारण म्हणून दिला गेला. विमान उडाले, नंतर पाऊस पडला. पण तो विमानामुळे पडला की एरवीही पडलाच असता, हे फवारणी न केलेल्या ढगांशी तुलना केल्यावाचून सांगता येत नाही. दुष्काळात शास्त्राची वाट कोण पाहणार, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. परंतु परीक्षेची तजवीज खर्चातच करून ठेवली तर पाऊस थांबत नाही, ज्ञान मात्र वाढते. तशी तजवीज नसली तर पुढच्या दुष्काळात पुन्हा तोच प्रश्न आणि तोच खर्च.

तेव्हा पहिली सुधारणा ही की, ढगांवर खर्च होणारा प्रत्येक सार्वजनिक रुपया संशोधनाच्या शर्तींवर द्यावा. प्रश्न आणि कसोटी आधी जाहीर व्हावी, मूल्यमापन कंत्राटदाराने नव्हे तर तिऱ्हाइताने करावे आणि अपयशासह सर्व नोंदी खुल्या कराव्यात. दुसरी सुधारणा मुदतीची. बारामतीला अकरा पावसाळे लागले. तीन वर्षांच्या प्रकल्पात मान्सूनचा स्वभाव उमगत नाही. दीर्घ निरीक्षणांसाठी निधी राखून ठेवावा आणि त्याचा मधूनमधून आढावा घ्यावा.

तिसरी सुधारणा निवडीची. मोठ्या संस्थेच्या नावावर अर्ज तरून जावा आणि तालुक्याच्या महाविद्यालयाचा अर्ज मुक्कामावरच अडावा, हे योग्य नव्हे. प्रथम सर्व अर्जांची कसून छाननी करावी. त्यात समान ठरलेल्या लहान अर्जांपैकी चिठ्ठी टाकून निवड करण्यास हरकत नाही. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने काही अनुदानांसाठी २०१३ पासून ही पद्धत वापरली आहे. चिठ्ठी म्हणजे जुगार, असे वाटेल. पण छाननीनंतरची चिठ्ठी ओळखीच्या माणसाच्या शिफारशीपेक्षा खचितच निष्पक्ष असते.

लहान अर्जातून काय साधेल, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात अतिवृष्टीची मदत ठरविताना महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की नाही, हे पाहिले जाते. किनवटसारख्या डोंगराळ, जंगलव्याप्त भागात एका पर्जन्यमापकाची नोंद मंडळातील सगळ्या गावांना कितपत लागू पडते? शाळाशाळांत साधी पर्जन्यमापके बसवून शिक्षक आणि विद्यार्थी रोज सकाळी नोंद ठेवतील, तर चार-पाच पावसाळ्यांत याचे उत्तर मिळेल. त्यास विमान लागत नाही. लागतो तो थोडा पैसा, बरीच चिकाटी आणि त्यांच्या नोंदींना मान देणारी निधिव्यवस्था.

आकाशाचा लहरीपणा कोणत्याही शासनाच्या हातात नाही. पण त्याच्या अभ्यासासाठी दिलेल्या पैशाचा हिशेब त्याच्या हाती आहे, आणि तो मागण्याचा हक्क जनतेचा आहे.