हाड जुळले, पण झोप?

कामावर असताना अपघातात सापडलेला माणूस काही दिवसांनी दवाखान्यात येतो तो ‘फिट’ असल्याचा दाखला मागायला. जखम भरली, हाड जुळले, बी.पी. ठीक असले की दाखला मिळतो. माझे स्पष्ट मत असे, की या तपासणीत आणखी एक प्रश्न हवाच : ‘झोप लागते का?’

माझ्याकडे एक बसचालक येतात. त्यांच्या गाडीखाली एक मोटारसायकलस्वार सापडला आणि जागीच गेला. चूक चालकाची नव्हती, चौकशीतही तसेच ठरले. त्यांना स्वतःला खरचटलेसुद्धा नव्हते, त्यामुळे पंधरा दिवसांत ते पुन्हा स्टिअरिंगवर बसले. तीन महिन्यांनी माझ्याकडे आले ते छातीत धडधड आणि ॲसिडिटीची तक्रार घेऊन. ईसीजी नॉर्मल निघाला. घरच्यांना बाहेर बसवून विचारले तेव्हा बोलते झाले. डोळा लागला की ब्रेकचा तो आवाज ऐकू येतो. त्या वळणाची ड्यूटी लागली की रजा टाकतात. मागून हॉर्न वाजला तरी दचकतात. मुलीचे लग्न ठरले, पण त्यातही मन नाही. झोप यावी म्हणून रात्री ‘थोडी’ घेऊ लागले होते.

हा भित्रेपणा नव्हे, आजार आहे. त्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार म्हणतात. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, त्याची आठवण देणारी जागा वा माणसे टाळणे, मन उदास व अपराधी होणे आणि सतत सावध, चिडचिडे राहणे ही त्याची चार प्रमुख लक्षणे. ती महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचे व्यवहार बिघडू लागले, तर या आजाराचा विचार करावा लागतो. पहिल्या महायुद्धातील सैनिकांत डॉक्टरांनी असेच काही पाहिले, तेव्हा त्याला ‘शेल शॉक’ म्हणत. आजचे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत 1980 साली आले. पण त्यासाठी रणांगणच हवे असे नाही. इंजिनासमोर माणूस आलेला रेल्वेचालक, बॉयलरच्या स्फोटातून वाचलेला कामगार, वॉर्डात मारहाण झालेली परिचारिका, दरोड्यात डोक्याला पिस्तूल लागलेला कॅशियर, यांपैकी कोणालाही तो होऊ शकतो. कामाचा भाग म्हणून वारंवार छिन्नविच्छिन्न मृतदेह उचलावे लागणाऱ्यांचाही 2013 च्या सुधारित व्याख्येत स्पष्ट उल्लेख झाला.

साहेबांची बोलणी, जादा काम, थकलेला पगार यांनीही झोप उडते. तो त्रास खराच, पण आजार वेगळा. ताणविकाराच्या मुळाशी जिवावरचा प्रसंग असतो. मात्र अशा प्रसंगानंतर डबल ड्यूटी, चौकशीची टांगती तलवार आणि सहकाऱ्यांचे टोमणे वाट्याला आले, तर मनाची जखम भरायला वेळ लागतो.

‘असे मानले तर उद्या सगळेच रजा मागतील,’ असे काही अधिकारी म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. पुरुषमाणसे हे लपवतात. नोकरी जाईल, लोक ‘वेडा’ म्हणतील, ही धास्ती असते. शिवाय न झोपलेल्या चालकाचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नसतो. त्याच्या पाठीमागे चाळीस प्रवासी बसलेले असतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2010 मध्ये व्यवसायजन्य आजारांच्या यादीत या विकाराला स्थान दिले. मग तुटलेल्या पायाला मिळणारी रजा व हलके काम दुखावलेल्या मनालाही मिळाले पाहिजे.

घरच्यांनी काय करावे? पहिले काही आठवडे धीर द्यावा, जेवणझोपेच्या वेळा सांभाळाव्यात. पुष्कळ जण आपोआप सावरतात. ‘सांग, काय झाले’ म्हणून खोदून विचारू नये; तो बोलला तर ऐकून घ्यावे. दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या आजार वाढवतात. महिन्यानंतरही त्रास असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. त्या आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवणारे मानसोपचार यात गुणकारी ठरतात. गरजेनुसार सर्ट्रालिनसारखी औषधेही देतात. औषध आपल्या मनाने बंद करू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मात्र एक दिवसही थांबू नये. 2022 पासून सुरू असलेल्या सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो.

आणि कारखानदार, आगारप्रमुख, ठाणेप्रमुख यांना एक विनंती. मोठ्या अपघातानंतर माणसाला कामावर घेण्यापूर्वी आणि पुन्हा एका महिन्याने त्याची झोप व मन तपासून घ्या. दाखल्याच्या कागदावर त्यासाठी दोन ओळींची जागा ठेवा. खर्च फारसा नाही, आणि वाचणारा जीव एकट्या त्याचाच असेल असेही नाही.