सलाईनची बाटली आणि पाण्याचा हिशेब

ताप असो, जुलाब असोत की नुसता थकवा, ‘डॉक्टर, एखादी सलाईन लावा’ ही मागणी गावच्या दवाखान्यापासून शहरातल्या मोठ्या रुग्णालयापर्यंत सगळीकडे ऐकू येते. बाटली लटकली की रुग्णाला उपचार झाल्यासारखे वाटते, नातेवाइकांचे समाधान होते आणि डॉक्टरांचा समजावण्यात जाणारा वेळ वाचतो. या सोयीत एक साधी गोष्ट मागे पडते. सलाईन हे औषध आहे. ते देण्यासाठी कारण हवे, त्याची मात्रा ठरायला हवी आणि ते कधी थांबवायचे हेही ठरायला हवे.

आधी बाटलीत काय असते ते पाहू. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते आणि बाकी पाणी. ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते. तिच्यातून जेमतेम १०० कॅलरी मिळतात, म्हणजे साधारण एका पोळीइतक्या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. सलाईनच्या दोन बाटल्यांतून ९ ग्रॅम मीठ थेट रक्तात जाते. ज्याच्या शरीरातले पाणी खरोखर कमी झाले आहे, त्याला त्याने तरतरी येते. इतरांना बरे वाटते ते बहुतेक वेळा दोन तास पडून राहिल्यामुळे आणि कोणीतरी लक्ष दिल्यामुळे. थकव्याचे खरे कारण, मग तो रक्तक्षय असो, मधुमेह असो की क्षयरोग, तसेच राहते आणि निदान लांबते.

शिरेतून दिलेले पाणी शरीरात कुठे जाते, हे समजले की मोजमापाचा आग्रह का धरायचा तेही कळते. ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. त्यातले २४ लिटर पेशींच्या आत आणि १२ लिटर पेशींबाहेर. या १२ लिटरपैकी रक्तातला द्रव फक्त ३ लिटरच्या आसपास. नॉर्मल सलाईन पेशींत फारसे शिरत नाही आणि रक्तवाहिन्यांतही पूर्ण टिकत नाही. त्याचा मोठा भाग थोड्याच वेळात आजूबाजूच्या ऊतींमध्ये झिरपतो. निरोगी मूत्रपिंडे जादा पाणी आणि मीठ हळूहळू बाहेर टाकतात. पण हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, वय झालेले असेल, तर पायांवर सूज येते आणि फुप्फुसात पाणी साचून धाप लागते. डेक्स्ट्रोजचे वेगळेच. त्यातली साखर वापरली जाते आणि उरते नुसते पाणी. ऑपरेशननंतर किंवा गंभीर आजारात शरीर आधीच पाणी धरून ठेवत असते. अशा वेळी हे पाणी जास्त गेले तर रक्तातले सोडियम घसरते. रुग्ण भ्रमिष्टासारखे बोलू लागतो, त्याला झटकेही येऊ शकतात. म्हणून ‘कुठलीही बाटली चालेल’ हे खरे नाही.

याचा अर्थ सलाईन वाईट, असा मुळीच नाही. १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये कॉलऱ्याची साथ असताना डॉ. थॉमस लाटा यांनी मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले आणि त्यातले काही जण वाचले. तीव्र जुलाब, भाजणे, जंतुसंसर्गामुळे घसरलेला रक्तदाब अशा वेळी आजही हाच उपचार जीव वाचवतो आणि तिथे हात आखडता घेणे घातक ठरते. मात्र भरपूर द्रव दिला म्हणजे रुग्ण सुरक्षित, ही समजूत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हलवली. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या तीन हजारांहून अधिक तापाच्या गंभीर बालरुग्णांवर तो झाला. जुलाबाची मुले त्यात नव्हती. ज्या मुलांना सुरुवातीलाच वेगाने द्रव दिला, त्यांच्यातले साडेदहा टक्क्यांच्या आसपास पहिल्या ४८ तासांत दगावले; ज्यांना तसा दिला नाही, त्यांच्यात हे प्रमाण सव्वासात टक्क्यांच्या आसपास होते.

आपल्याकडे पावसाळ्यानंतर वॉर्ड डेंगीच्या रुग्णांनी भरतात, तिथे हाच प्रश्न रोज उभा राहतो. ताप उतरण्याच्या सुमारास काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. हे २४ ते ४८ तास चालते आणि त्या काळात मोजून दिलेले सलाईन प्राण वाचवते. नंतर झिरपलेला द्रव आपोआप रक्तात परततो. तेव्हाही ‘प्लेटलेट कमी आहेत’ म्हणून बाटल्या चालूच ठेवल्या, तर फुप्फुसे भरतात. सोमवारी जी बाटली आवश्यक होती, तीच बुधवारी अपाय करू शकते.

आणि ज्याला पिता येते, त्याला सुई टोचण्याची गरज किती वेळा असते? १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. साखरेबरोबर मीठ आणि पाणी आतड्यातून शोषले जाते, या तत्त्वावर आजची जलसंजीवनी उभी आहे. उलट्या आटोक्यात असतील आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर बहुतेक जुलाबांना तीच पुरते.

तेव्हा बदल कुठे हवा? वॉर्डात भरती असलेल्या प्रत्येक सलाईनच्या रुग्णाच्या केसपेपरवर रोज तीन गोष्टी दिसायला हव्यात: सलाईन कशासाठी, चोवीस तासांत किती आणि कधी थांबवायचे. रुग्णाचे रोजचे वजन, पोटात आणि शिरेत गेलेले पाणी, झालेली लघवी आणि गरजेनुसार रक्तातले सोडियम-पोटॅशियम यांवरून हे ठरते. प्रत्यक्षात एका सिस्टरकडे इतके रुग्ण असतात की पाण्याचा तक्ता ड्युटी संपताना अंदाजाने भरला जातो. दोष तिचा नाही. पुरेसे मनुष्यबळ, वजनकाटा आणि लघवी मोजायचे भांडे या काही महागड्या मागण्या नाहीत. एका अतिदक्षता खाटेच्या खर्चापुढे त्या किरकोळ आहेत. प्रशासनाने त्या आधी पुरवाव्यात.

नातेवाइकांनाही मदत करता येईल. रुग्ण किती प्याला आणि किती वेळा लघवीला गेला, हे कागदावर लिहून ठेवावे. बाटली चालू असताना धाप लागली, हुडहुडी भरली, सूज वाढली किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर लगेच सिस्टरना सांगावे. बाटली लवकर संपावी म्हणून तिचा वेग स्वतः वाढवू नये. आणि राऊंडच्या वेळी डॉक्टरांना ‘अजून एक लावा’ म्हणण्याऐवजी ‘आता तोंडाने दिले तर चालेल का?’ असे जरूर विचारावे.