पासंग

गेले पंधरा दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर एक दोनशे पानी वही पडून आहे. वही भाचीची. ती मावळातली, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, यंदा पुण्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली आणि मुक्कामाला माझ्याकडे राहिली. इंग्रजीच्या बाईंनी निबंध दिला होता: कम्पेअर अँड कॉन्ट्रास्ट. दोन गोष्टी निवडा, साम्य आणि भेद दाखवा, चारशे शब्द. पोरीने अर्ध्या तासात काम उरकून वही माझ्यापुढे सरकवली. पानावर मधोमध पट्टीने मारलेली उभी रेघ. डावीकडे व्हिलेज, उजवीकडे सिटी. खाली अनुक्रमांक टाकून आठ मुद्दे. डावीकडे 'एअर इज प्युअर', उजवीकडे 'एअर इज नॉट प्युअर'.

मला हसू आलं, पण ती रेघ माझ्या ओळखीची होती. 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाला आपण सगळ्यांनीच ती मारलेली आहे. धातू आणि अधातू. खरीप आणि रब्बी. रेघ सरळ आली, मुद्दे समोरासमोर बसले, की गुण हातात. त्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलांना भेद सांगता येत नाहीत असं कुणी म्हणालं, तर मला पटत नाही. भेद त्यांना तोंडपाठ असतात. पण रेघेच्या अलीकडचं पलीकडच्याशी कधी बोलत नाही, आणि या दोघांना एका पानावर आणून बसवलंय कशाला, हे आम्हाला कुणी विचारलेलं नसतं.

रेघ पुसून लिही, म्हटलं. तिने पुसली. आता एक परिच्छेद गावाचा, एक शहराचा आणि मध्ये 'ऑन द अदर हॅन्ड'. पुढच्या पानावर हाच दुसरा हात आणखी पाच वेळा आला, आणि पहिला हात कुठे आहे याचा पत्ता नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत या मांडणीला ब्लॉक पद्धत म्हणतात. आधी एकाचं सगळं सांगायचं, मग दुसऱ्याचं. पद्धत वाईट नाही. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने एक ग्रीक आणि एक रोमन अशा जोड्या लावून चरित्रं लिहिली, ती याच क्रमाने. पण बहुतेक जोड्यांच्या शेवटी तो दोघांना समोरासमोर उभं करून छोटी तुलना करतो. आमच्या वहीत ते शेवटचं पानच नव्हतं.

मग पुस्तकातली दुसरी पद्धत, मुद्द्यागणिक मांडणीची. हवा: गावची, शहरातली. पाणी: गावचं, शहरातलं. हे वाचताना टेबल टेनिसच्या सामन्याला बसल्यासारखी माझी मान इकडून तिकडे फिरत राहिली. मुळातला तक्ता तसाच होता, फक्त आडवा झाला होता.

मध्येच व्याकरणाने अडवलं, आणि इथे मला तिची बाजू घ्यावीशी वाटते. मराठीत विशेषण आपल्या जागी शांत बसतं आणि तुलनेचं ओझं 'पेक्षा'सारखा शब्द वाहतो. उंच, त्याच्यापेक्षा उंच, सगळ्यांत उंच. 'उंच'ला कुणी हात लावत नाही. इंग्रजीत विशेषणालाच शेपूट फुटतं, नाहीतर आधी 'मोअर' लावावं लागतं. आणि आपली मुलं सावधगिरी म्हणून दोन्ही लावतात. डिग्री बदलण्याची शेकडो वाक्यं शाळेत करूनही 'मोअर टॉलर' जात नाही. याहून अवघड गाठ पुढे आहे. तिने लिहिलं होतं: 'द राइस ऑफ मावळ इज बेटर दॅन पुणे.' म्हणजे मावळच्या तांदळाची तुलना थेट पुणे शहराशी! मराठीत आपण 'मावळचा तांदूळ पुण्यातल्यापेक्षा बरा' म्हणतो आणि त्या 'तल्या'त अख्खा तांदूळ मावतो. इंग्रजीला त्यासाठी 'दॅट ऑफ' किंवा 'द राइस सोल्ड इन' असं काही मध्ये आणावं लागतं. तिला म्हटलं, तुझी चूक एवढीच, की आपल्या प्रत्ययाचं काम कोण करणार हे तू ठरवलं नाहीस. 'व्हेअरॅज'चंही तसंच. तो शब्द तिला परका वाटत होता. 'बाबा शेतात, तर आई दूध घालायला' यातला 'तर' म्हणजेच तो, हे कळल्यावर ओळख पटली.

पण निबंध काही हलेना. कारण विषयच मेलेला. गाव आणि शहर यांची तुलना करायला बसलेला प्रत्येक मराठी मुलगा निकाल आधी ठरवून येतो. निबंधात गाव जिंकतं; लिहिणारा पुण्यात खोली शोधत असतो. आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे: पासंग. तराजूची पारडी रिकामी असतानाच एक बाजू खाली जात असेल, तर ती सारखी करायला दुसरीकडे बांधलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा. एखादा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही असं आपण सर्रास म्हणतो, म्हणजे तुलना करू नका हेसुद्धा आपण तराजूच्याच भाषेत सांगतो. तुलना हा शब्दच मुळी तुला म्हणजे तराजू यावरून आलेला. तेव्हा लिहायच्या आधी आपला काटा रिकामा असताना कुठे झुकतोय ते पाहायला हवं, असं मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती ऐट पुढे मला महागात पडली.

दुसरा विषय तिनेच काढला, भात उकरता उकरता. आंबेमोहर आणि इंद्रायणी.

ही जोडी मला फार आवडली, कारण दोघांचं नातं आहे. इंद्रायणी ही आंबेमोहराचीच लेक. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली ती बाहेर पडली. आंबेमोहर १५७ आणि फिलिपिन्सहून आलेला बुटका, भरघोस आयआर ८ यांच्या संकरातून. आंबेमोहराचं रोप उंच, वाऱ्यापावसात आडवं होणारं, उतारा कमी. दाणा आखूड आणि वास आंब्याच्या मोहराचा. लेकीने वास थोडा उचलला, अंगकाठी दुसरीकडची घेतली. दाणा लांबट, पीक भरपूर, भात मऊ आणि जरा चिकट. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत पदार्थ ओळखायचे ते साधर्म्य आणि वैधर्म्य यांवरून; इथे तर एकाच वासात दोन्ही होती. साम्य कुठून आलं आणि भेद कुठून, याला कारण होतं. आता वाक्यंही आपोआप एकमेकांत गुंतायला लागली. 'ऑल्दो' आला, 'अनलाइक' आला. दुसरा हात एकदाच आला आणि तोही पहिल्याला बरोबर घेऊन.

मी भाषा तपासून दिली. दुसऱ्या दिवशी तिने वही परत माझ्यापुढे ठेवली. माझ्या हिरव्या शाईतल्या तीन शब्दांभोवती तिने पेन्सिलीने गोल केले होते.

"मावशी, आंबेमोहराला तू 'एक्स्क्विझिट' घातलंस, 'डेलिकेट' घातलंस. इंद्रायणीचा 'सॉफ्ट' खोडून 'स्टिकी' केलास. काटा मारतेस."

खरं होतं. लहानपणी ताप उतरला की आई आंबेमोहराची पेज द्यायची, वर मेतकूट आणि तूप. त्या पेजेने माझं पारडं कधीच खाली नेलं होतं आणि मी मात्र इंग्रजी सुधारतेय अशा भ्रमात होते. विशेषणं मी मुकाट्याने खोडली. मग मीही विचारलं, "आणि तू? तुझ्या घरची तर सगळी इंद्रायणीच ना? मग तीच बरी असं लिहिणार तू."

ती जरा घुटमळली. म्हणाली, "सगळी नाही. बाबा विकायला इंद्रायणी लावतात. विहिरीजवळच्या चार गुंठ्यांत आंबेमोहर असतो. घरच्यापुरता. पाहुण्यांना, सणाला."

"मग हे निबंधात का नाही?"

"लिहिलं असतं तर आमच्या इंद्रायणीला कमीपणा आला असता."

चारशे शब्दांत जे शोधायचं होतं ते नेमकं तिने बाहेर ठेवलं होतं. बाजाराचं पीक एक, घरचं एक. आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातचं. मी काही बोलले नाही. ती स्वतःच वही ओढून बसली, पहिला परिच्छेद पूर्ण खोडला आणि मग बाबांना फोन लावला. आकडे हवेत असं बाईंनी सांगितलं होतं. फोन स्पीकरवर होता. इंद्रायणी एकरी किती निघते, ते भावोजींनी लगेच सांगितलं; गेल्या वर्षीचं, त्याच्या आधीचं, क्विंटलच्या हिशेबात, भावासकट.

"आणि आंबेमोहर?"

"त्याचं कोण वजन करतंय," ते म्हणाले. "कणगीत ओततो."

तिने ते लिहून घेतलं. 'कणगी'ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.