हरवलेले लेकरू सापडले तर



रब्बीची सुगी आटोपली, खळी मोकळी झाली, की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. ऊसतोडीच्या टोळ्याही याच सुमारास कारखान्यांवरून माघारी फिरतात. एस.टी. स्टँड, रेल्वे स्टेशन, आठवड्याचा बाजार, जिकडे तिकडे बायका-पोरांची गर्दी. अशा गर्दीत कुणाचे ना कुणाचे लेकरू हात सुटून मागे राहते. आपल्याला ते दिसतेही. पण "असेल कुणाचे तरी" म्हणून आपण पुढे जातो. आज खते-औषधे बाजूला ठेवू आणि या लेकराविषयी बोलू. कारण त्याला घरी पोचवण्याच्या कामी शेतकऱ्याचे रोजचे ज्ञान फार उपयोगी पडते.

एक खरी हकिकत सांगतो. आपल्या जळगाव जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर आहे आणि तेथून रेल्वेने पुढे गेले की खांडवा. १९८६ साली खांडव्याचा शेरू नावाचा पाच वर्षांचा मुलगा थोरल्या भावाबरोबर बऱ्हाणपूर स्टेशनावर आला. भावाची वाट पाहता पाहता झोपला. जाग आली तेव्हा भाऊ नव्हता. समोर उभ्या असलेल्या गाडीत तो चढला, तेथे पुन्हा डोळा लागला, आणि गाडीने त्याला थेट कलकत्त्याला नेऊन सोडले. काही आठवडे रस्त्यावर काढल्यावर एका तरुणाने त्याला पोलीस ठाण्यात नेले. गाव कोणते, असे विचारले तर तो बोबडे काहीतरी सांगे, "गिनेस्टले". खरे नाव होते गणेश तलाई, खांडव्यातली एक वस्ती. ते कुणालाच उमगले नाही. १९८७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका जोडप्याने त्याला दत्तक घेतले. शेरूचा तेथे सरू ब्रायर्ली झाला.

पुढे २०११ साली त्याने उपग्रहाने काढलेल्या छायाचित्रांवरून आपले गाव हुडकून काढले. कशावरून? स्टेशनाजवळची पाण्याची टाकी, रेल्वेवरचा पूल, लहानपणी खेळला ती नदीकाठची जागा, या खुणांवरून. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो आईला भेटला. लेक कधीतरी परत येईल म्हणून ती माउली त्याच वस्तीत राहिली होती. थोरला भाऊ मात्र त्याच सुमारास रेल्वेच्या अपघातात गेला होता.

यातून घ्यायचा धडा असा की लेकराचे गावाचे नाव चुकले, पण जमिनीवरच्या खुणा चुकल्या नाहीत. आणि नाव बरोबर सांगितले तरी पुरत नाही. आपल्या महाराष्ट्रात वडगाव किती, पिंपळगाव किती, याची गणती नाही. म्हणून "गाव कोणते?" एवढे एकच विचारून थांबू नका. रानाची, घराची, जेवणाची चौकशी करा.

शेताला ते काय म्हणते? "वावर" म्हणत असेल तर विदर्भ, खानदेश, नगर, मराठवाड्याचा काही भाग डोळ्यांपुढे आणा. "रान" म्हणत असेल तर सातारा, सांगली, सोलापूरकडे पाहा. "वावरमा" असे बोलले तर बोली अहिराणी, म्हणजे खानदेश. बांधाला "धुरा", बैलगाडीला "बंडी", कपाशीला "पऱ्हाटी" म्हणणारे लेकरू बहुतेक विदर्भाचे, फार तर लगतच्या मराठवाड्याचे. भाताला "धान" आणि लहान तळ्याला "बोडी" म्हणाले तर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा विचार करा. घरी भाकरी कशाची, बाजरीची, ज्वारीची की तांदळाची? नाचणीला "नागली" म्हणते का? दारात कोणती जनावरे आहेत? विहिरीवर मोटार आहे की नळाचे पाणी येते? देऊळ कुणाचे? शाळेत जाताना नदी लागते का, रेल्वेचे फाटक लागते का? आई-बाप ऊस तोडतात का, वीटभट्टीवर आहेत का, मुकादमाला काय म्हणून हाक मारतात?

ध्यानात ठेवा, हे अंदाज आहेत, पुरावा नव्हे. पोटासाठी लोक चार जिल्हे फिरतात आणि भाषाही मिसळते. म्हणून लेकराचा शब्द जसाच्या तसा कागदावर लिहा, आपल्या मनाने सुधारू नका. "गिनेस्टले" म्हणाले तर तेच लिहा. पोलिसांना तो कागद द्या. आणि हे सारे मायेने, पाणी पाजून, काही खायला देऊन, अधूनमधून विचारा. रडत्या पोराची उलटतपासणी करू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते क्रमाने सांगतो.

१. लेकरू सापडले त्याच जागी अर्धा-पाऊण तास थांबा. आई-बाप शोधत पहिल्यांदा तेथेच येतात. एकट्याने थांबू नका. जवळच्या एखाद्या बाईला, दुकानदाराला बोलवा. जत्रेत असाल तर ध्वनिक्षेपकावरून पुकारा करायला लावा. पण लेकराची सगळी खूण पुकारू नका. अंगावरच्या कपड्याचा रंग, डाग, तीळ यांतले काही राखून ठेवा.

२. थांबता थांबताच १०९८ या क्रमांकावर फोन करा. हा मुलांच्या मदतीचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. ११२ वर पोलीस मिळतात. रेल्वे स्टेशनावर असाल तर रेल्वे पोलिसांना गाठा. गावात असाल तर पोलीस पाटलांना कळवा.

३. कुणी "माझेच आहे" म्हणत आले तरी लगेच हाती देऊ नका. राखून ठेवलेली खूण विचारा, आणि सोपवणी पोलिसांसमोरच होऊ द्या.

४. दया आली म्हणून लेकरू घरी ठेवून घेऊ नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सापडलेल्या मुलाची खबर चोवीस तासांच्या आत द्यावी लागते, न देणे हा गुन्हा आहे. पोलीस त्याला जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे नेतात, आणि पालकांची खात्री पटल्यावर समिती त्याला घरी पाठवते.

५. फोटो काढून व्हॉट्सॲपवर सोडू नका. तो पोलिसांना द्या. लेकरू घरी गेल्यावरही असे फोटो वर्षानुवर्षे फिरत राहतात, आणि वाईट माणसालाही पत्ता लागतो.

अफवेचेही तसेच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजारच्या दिवशी भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ती बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली भटक्या समाजाची गरीब माणसे होती. कुणाचा संशय आला तर पोलिसांना बोलवा, हात उचलू नका. अशा भीतीने भला माणूसही रडत्या लेकराजवळ जायला धजावत नाही, आणि नुकसान लेकराचेच होते.

आपलेच लेकरू दिसेनासे झाले तर? पहिल्याच मिनिटाला दोन जणांनी विहीर, शेततळे, कॅनॉल यांकडे धावावे. तेथे उशीर चालत नाही. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. बाकीच्यांनी उभा ऊस, मका, तूर यांत हाका मारत ओळीने फिरावे आणि शिवारातली ट्रॅक्टर-यंत्रे थांबवावीत. त्याच वेळी एकाने पोलीस ठाणे गाठावे. चोवीस तास वाट पाहावी लागते ही समजूत खोटी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच सांगितले की हरवलेल्या मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवलीच पाहिजे. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्दीचा प्रश्नही राहिलेला नाही. बीडचे कुटुंब कोल्हापूरकडे तोडीला आले असेल तरी जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते.

आणि हे सारे टाळायचे असेल तर आजपासून दोन कामे करा. बियाण्याच्या पिशवीला जसे लेबल असते, तशी लेकराची ओळख त्याच्याजवळ असू द्या. जत्रेला निघताना खिशात चिठ्ठी ठेवा: गाव, तालुका, जिल्हा, मोबाईल नंबर. टोळीतल्या मुलाच्या चिठ्ठीवर कारखान्याचे नाव आणि मुकादमाचा नंबरही हवा. चौथ्या वर्षापासून त्याच्याकडून रोज म्हणून घ्या: माझे नाव अमुक, वडिलांचे नाव, आईचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, नंबर. आईचे नाव "आई" एवढेच ठाऊक असलेली पोरे पुष्कळ असतात. दुसरे काम आधारचे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारात बोटांचे ठसे नसतात. ते पाच पूर्ण झाल्यावर, आणि पुन्हा पंधराव्या वर्षी, द्यावे लागतात. ठसे जुळल्यामुळे ज्यांना धड बोलताही येत नाही अशी मुले वर्षांनंतर घरी गेल्याची उदाहरणे नागपूरच्या आधार केंद्रात घडली आहेत.

चुकलेले वासरू दिसले तर आपण त्याच्या कानातला बिल्ला पाहतो, चार वस्त्यांवर विचारतो, मालक सापडेपर्यंत वैरण टाकतो. माणसाच्या लेकरासाठी तेवढे तरी करूच. १०९८ हा आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा.

पुढील अंकात हळदीच्या बेण्याची निवड.