‘७७७’ हा उपाय नव्हे, उघडे दार!

वेबसाइटवर फोटो अपलोड होईना, की अनेक जण फोल्डरला ‘७७७’ परवानगी देऊन मोकळे होतात. लिनक्समध्ये वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १, बेरीज ७. तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतरांचे. म्हणजे ‘७७७’मुळे सर्व्हरवरील कोणत्याही खात्याला सारे खुले!

खरी अडचण बहुधा मालकीची असते. उबुंटूवर वेब सर्व्हर सहसा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या खात्याने चालतो. फक्त अपलोडचे फोल्डर त्याच्या मालकीचे करावे. कोड वेगळ्या खात्याकडे ठेवावा. फोल्डरला ७५५, साध्या फायलींना ६४४ पुरते. मग प्लगइनमध्ये त्रुटी निघाली, तरी हल्लेखोराला मूळ कोड सहजी बदलता येत नाही. दोन मिनिटे वाचवण्याची घाई ग्राहकांच्या माहितीवर बेतू नये.