चिंचेचं आंबटगोड लोणचं: तिखट कमी करा, मीठ नको!

झाशी म्हटलं की राणी लक्ष्मीबाई आठवतात. पण या शहराशी मराठी माणसाचं नातं त्यांच्याही आधीचं. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर इथे आले, पुढे नेवाळकरांचा कारभार आला आणि मराठी घरं इथे रुजली. आजचं लोणचंही तसंच जोडीचं आहे: चिंचगूळ आपला, मोहरीचं तेल उत्तरेचं. तिखट अगदी बेताचं, त्यामुळे नातवंडांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालेल.

साहित्य: बिया काढलेली चिंच २५० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम, मीठ ३ सपाट मोठे चमचे, मोहरीचं तेल अर्धी वाटी, काश्मिरी मिरची पूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मोहरी प्रत्येकी १ चमचा, मेथी पूड पाव चमचा, हिंग.

कृती: चिंच दीड कप गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि कोळ गाळून घ्या. स्टीलच्या कढईत तेल चांगलं तापवा, थोडं निवल्यावर मोहरी, हिंग घाला. मग कोळ, गूळ, मीठ घालून मंद आचेवर शिजवा. मिश्रण दाट होऊन कडेला तेल सुटलं की मसाले घाला, दोन मिनिटांनी गॅस बंद करा.

आता महत्त्वाचं, साठवण. लोणचं मिरचीमुळे टिकत नाही. ते टिकतं आंबटपणा, मीठ, गूळ आणि तेलामुळे. म्हणून सौम्य करायचं तर तिखट कमी करा, मिठाला हात लावू नका.

चिंचेतलं आम्ल धातूला लागतं. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम टाळा. काचेची किंवा चिनी मातीची बरणीच घ्या. नवी चिंच उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येते, तेव्हाच हे लोणचं करा. झाशीच्या कडक उन्हात बरणी तासाभरात खडखडीत वाळते. पावसाळ्यात मात्र हवा दमट होते आणि ओल्या चमच्याचा एक थेंबही बुरशीला पुरतो. त्यामुळे आठवड्यापुरतं छोट्या बाटलीत काढा, बाकीचं फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा.

वर बुरशी दिसली तर तेवढीच काढून खाऊ नका, सगळं टाकून द्या. वाईट वाटेल, पण घरातल्यांच्या पोटापेक्षा बरणी मोठी नाही!

थालीपीठ, पुरी किंवा मुलांच्या डब्यातल्या पराठ्यासोबत नक्की करून बघा.